बोराटीच्या लेखाला फोटो बोराटीचाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या संक्रांत विशेष पुरवणीत 'रानमेवा' या विषयावर पानभर लेख आला आहे. त्यात बोराटीवर तीन परिच्छेद आहेत आणि मधोमध मोठा रंगीत फोटो आहे. हा फोटो बोराटीचा नाही. तो थाई अ‍ॅपल बोराचा आहे. लिंबाएवढं हिरवंगार, तुकतुकीत फळ आणि मागे ठिबकची काळी नळी दिसते आहे. बोरीची साल बाभळीला लावणं म्हणतात ते हेच, फक्त इथे बोरीचीच बोरीला लावली आहे, एवढाच फरक.

मी 37 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे लाल पेन हातात घेण्याची सवय अजून जात नाही. पण केवळ फोटो चुकला म्हणून मी पत्र लिहीत नाही.

आधी बोराटी म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बोरीचं झाड वेगळं. बोराटी हे झुडूप आहे, गुडघ्यापासून फार तर छातीपर्यंत वाढणारं. पान गोल, जुन्या दहा पैशाच्या नाण्याएवढं, वरून हिरवं आणि खालून पांढुरक्या लवेचं. शास्त्रज्ञांनाही पान पाहून नाणंच आठवलं असावं, कारण तिच्या 'झिझिफस नुम्युलॅरिया' या नावातला दुसरा शब्द लॅटिनमधल्या नाण्यावरून आला आहे. काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ काटा टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. फळ वाटाण्याएवढं, पिकल्यावर विटकरी लाल. त्यात आठळीच जास्त, गर नावाला. शाळेच्या फाटकाबाहेर चन्यामन्या म्हणून मापट्यानं विकतात तीच ही बोरं.

आपल्या लेखिकेनं या फळाला 'आजीच्या काळातलं हेल्थ फूड' म्हटलं आहे आणि आपले पूर्वज बोरकूट, म्हणजे वाळल्या बोरांचं पीठ, 'आवडीने' खात, असं लिहिलं आहे. त्या 'आवडीने' या शब्दावर माझी गाडी अडली.

1972 साली मी अकरा वर्षांची होते. आमचं गाव माणदेशात. इथे पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तीही कागदावर. आधीची दोन वर्षं ओढग्रस्तीची गेली होती आणि त्या वर्षी खरिपानं पुरती पाठ फिरवली. बाजरी वीतभर वाढून करपली, रब्बीची ज्वारी पेरायला ओलच नव्हती. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पुढे शिक्षिका झाल्यावर वाचनात आलं की मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की दिवस उगवला की गाव रिकामं होतं आणि मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि पोरं उरतात.

रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, म्हणजे तांबडी ज्वारी. आई त्याची भाकरी थापायची आणि ती परातीतून उचलतानाच तुकडे व्हायचे. मग ती कण्याच शिजवायला लागली. (गाजरगवत या मिलोतून आलं असं गावोगाव सांगतात. ते खरं नाही. पुण्याला ते 1950 च्या दशकातच सापडलं होतं. त्या धान्यावर राग काढायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत.) कामावर सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं. आई तिच्या वाट्यातली पदरात बांधून घरी आणायची. कुणी बरबडा या रानातल्या तणाच्या बियांच्या भाकरी करत होतं. आमच्या घरी त्या फार दिवस चालल्या नाहीत, कारण बरबडा आणायला जायचं तिथे आमच्या आधी दहाजण गेलेले असायचे.

अशात मार्गशीर्ष उजाडला आणि गायरानावर बोराट्या लाल झाल्या.

हे कसं होतं, हे मला फार उशिरा समजलं. बोराटीचं मूळ खोल जातं, मुरुमाखाली, जिथे आमच्या विहिरीही पोचत नव्हत्या तिथवर. उन्हाळ्यात ती पानं टाकून मेल्यासारखी पडून राहते, पहिल्या शिंतोड्यावर फुटते आणि पावसाळ्यात फुलते. त्यामुळे ज्या वर्षी वीतभर बाजरी करपते, त्याच वर्षी तिला फळ धरतं. नेहमीपेक्षा कमी धरतं आणि बारीक असतं, पण धरतं. आणि ते येतं ऐन थंडीत, जेव्हा घरातलं जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं येणारच नसतं.

बोरं गोळा करायचं काम पोरांचं. आजी आम्हाला पहाटेच उठवायची. झुडपाखाली फाटकं घोंगडं पसरायचं आणि काठीनं फांद्या झोडायच्या. पोरं हातानं तोडायला गेली की आजी ओरडायची, "आगं, त्यो वाकडा काटा सोडतोय व्हय तुला?" काटा मोडला की रुईचा चीक लावायचा. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक काळा ठिपका अजून आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही, राहू द्या.

दोन पायल्या बोरं म्हणजे दोन पोरांची एका सकाळची मजुरी. ती घराच्या धाब्यावर आठ-दहा दिवस वाळवायची, मुठीत घेऊन हलवल्यावर खुळखुळ वाजेपर्यंत. मग उखळात. इथे हात लागतो. मुसळाचा घाव जोराचा पडला की आठळ्या फुटतात आणि पिठात कच येते, हलका पडला तर गर सुटत नाही. आजी मुसळ उचलायची आणि जवळजवळ नुसतं सोडायची. मग चाळणीनं चाळायचं. खाली तांबूस पीठ पडायचं ते बोरकूट. दोन पायल्यांतून जेमतेम शेर-दीड शेर निघायचं. ते मीठ घालून गाडग्यात भरायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. गूळ घालायचा असतो खरा, पण गूळ कुठला? चाळणीवर उरलेल्या आठळ्या आम्ही पोरं दगडानं फोडत बसायचो. आतला गर तिळाएवढा. दुपारभर फोडल्या तर मूठही भरत नसे, पण दुपार निघून जायची, आणि मला वाटतं आजीचा हेतू तोच असावा.

मिलोच्या कण्या घशाखाली उतराव्यात म्हणून आई उकळत्या पाण्यात चमचाभर बोरकूट, मीठ आणि चिमूटभर तिखट घालून आंबटसर कालवण करायची. चव वाईट नव्हती. पण तीन महिने रोज दोन वेळा तेच खाल्लं की जीभ सोलवटून निघते. धाकट्या भावाला सतत खोकला असायचा, बाकीच्यांना मिलोमुळे पोट साफ होत नव्हतं. लेखात जीवनसत्त्व क भरपूर असल्याचं म्हटलंय. ताज्या बोरात असतंच, त्याबद्दल वाद नाही. उन्हात आठ दिवस वाळवून कुटल्यावर त्यातलं बरंचसं उडून जातं. आम्हाला बोरकुटानं पोषण फार दिलं असेल असं मी म्हणणार नाही. कण्या तोंडातून खाली जायला त्याची मदत झाली, इतकंच.

आणि आवडीचं म्हणाल तर ऐका. 1974 च्या मे महिन्यात माझी आत्या मुंबईहून आली. आत्याचे यजमान गिरणीत होते. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, घरात ज्वारी होती. जेवताना आत्या म्हणाली, "वहिनी, बोरकूट आहे का गं थोडं? तोंडाला चव येईल." आई म्हणाली, "संपलं." मी चुलीमागच्या फळीकडे बघितलं. गाडगं तिथंच होतं, अर्धं भरलेलं. आई माझ्याकडे बघत होती. मी गप्प बसले. रात्री तिनं ते गाडगं उचलून माळ्यावर, सरपणाच्या आड ठेवलं. दोन वर्षांनी माळा साफ करताना त्यात किडे निघाले, तेव्हा तिनं ते उकिरड्यावर ओतलं. तोवर तिनं ते खाल्लंही नाही आणि टाकलंही नाही. पाहुण्यासमोर तर काढलं नाहीच.

म्हणून आपल्या लेखिकेला सांगावंसं वाटतं की बाई, तुम्ही जरूर लिहा, पण ज्यांनी खाल्लं त्यांना एकदा विचारा. आमच्या पिढीतली माणसं अजून बरीच आहेत. ती आपणहून सांगणार नाहीत, कारण भुकेत काय खाल्लं हे सांगायला माणसाला लाज वाटते. विचारलं तर सांगतील.

लेखात आणखी एक गोष्ट खटकली, ती लवकर सांगून टाकते. घाणेरीचं नाव बोराटी-करवंदाच्या ओळीत बसवलं आहे. घाणेरीची काळी पिकलेली फळं पोरं खातात, आम्हीही खाल्ली आहेत. हिरवी विषारी असतात. धाकट्या भावानं हिरवी खाल्ली होती आणि रात्रभर ओकत होता. पुरवणी वाचून एखादी हौशी आई सहलीला मुलांना घेऊन जाईल, तेव्हा एवढं छापणं गरजेचं आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

1972 च्या त्या थंडीत गावात एक भांडण झालं होतं. बोराटीचा पाला म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा जीव. चारा कुठेच नव्हता, तेव्हा मेंढकी मंडळी बोराट्या तोडून पाला झोडू लागली, फळासकट. पोरांच्या आया चिडल्या. प्रकरण चावडीवर गेलं. दोन्ही बाजूंचं खरं होतं. मेंढरं मेली तर मेंढक्याचं घर बसणार, आणि बोरं गेली तर आमच्या गाडग्यात काय भरायचं? शेवटी ठरलं की संक्रांतीपर्यंत गायरानावरची बोराटी कुणी तोडायची नाही, बोरं पोरांची. संक्रांतीनंतर पाला मेंढरांचा आणि फांद्या कुंपणाच्या. हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं, तरी माझ्या आठवणीत त्या वर्षी कुणी मोडलं नाही. हे शक्य झालं, कारण बोराट्या कुणाच्या मालकीच्या नव्हत्या. गायरान गावाचं होतं. बांधावरच्या असत्या तर शेतमालकानं ठरवलं असतं.

गेल्या मे महिन्यात त्याच गायरानावर जेसीबी आला. वृक्षलागवडीसाठी जागा 'साफ' करायची होती. दोन दिवसांत झाली. मी सकाळी फिरायला जाते तो तुकडा सव्वादोन एकरांचा आहे. निवृत्तीनंतर रिकामपणी मी तिथल्या बोराट्या मोजल्या होत्या, 61 भरल्या होत्या. आता 4 आहेत. त्या चार वाचल्या त्याही म्हसोबाच्या दगडाला लागून आहेत म्हणून, चालकानं तिथे बकेट घातलं नाही.

कुणी म्हणेल, बोराटी काय, तोडली तरी फुटते. बरोबर आहे. माझे वडील, आजोबा, सगळा गाव दरवर्षी कुऱ्हाडीनं बोराट्या तोडत आला आहे. कुंपणाला बोराटीच्या काट्यांसारखी काटी नाही. आणि दरवर्षी बुडख्यातून, मुळांतून ती पुन्हा दाट होऊन फुटली. शेतात आली तर शेतकऱ्याला नको होते ती याचमुळे. कुऱ्हाड वरचं नेते. जेसीबी मूळ उपसतो. मी त्या खड्ड्यांत डोकावून पाहिलं. माझ्या उंचीएवढं खणलं होतं आणि तरी तळाशी मुळाचं तुटलेलं टोक बोटाएवढं जाड होतं. ते मूळ एवढं खाली जायला किती वर्षं लागली असतील? जुलैत त्या खड्ड्यांत गुलमोहर आणि काशिदाची रोपं लावली, फोटो काढले. आज पौषात त्यांतली निम्मीअधिक वाळली आहेत. उरलेल्यांना टँकरनं पाणी घालतात. ज्या जमिनीवर बिनपाण्याचं फळ येत होतं तिथे आता टँकर जातो.

मी ग्रामपंचायतीत विचारायला गेले. माझ्याशी सगळे आदरानं बोलले, दोघेजण माझेच विद्यार्थी. म्हणाले, "बाई, ती काटेरी झुडपं होती. कागदावर झाडोरा अशी नोंद आहे." मग मी जैवविविधतेची नोंदवही दाखवा म्हटलं. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेनं आपल्या हद्दीतल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे, हे मला निवृत्तीआधी एका प्रशिक्षणात कळलं होतं. वही निघाली, चांगली बांधलेली. फळझाडांत 'बोर' असा एक शब्द आहे. त्यापुढे उपयोग 'खाण्यासाठी'. बोराटी नाही. बोरकूट नाही. संक्रांतीपर्यंत कुणी तोडायची नाही हे चावडीवर ठरलं होतं, ते तर कुठून असणार? माहिती कुणी सांगितली या रकान्यात ज्याचं नाव आहे त्याचा जन्म 1985 चा आहे. तोही माझाच विद्यार्थी, त्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. त्यात मीही आले. मी चौथीच्या वर्गाला वनस्पतींचे भाग शिकवले, वड-पिंपळ शिकवले. खिडकीतून बोराट्या दिसत होत्या, त्यांच्याबद्दल एक धडा घेतला नाही. का घेतला नाही, याचा विचार केला तेव्हा माळ्यावरचं गाडगं आठवलं.

इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यांना कुठल्या झुडपाला काय म्हणतात याचा आपल्यापेक्षा जास्त सोस होता म्हणायचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा 25 वा खंड 1886 साली निघाला, म्हणजे 1876-78 च्या मोठ्या दुष्काळानंतर. त्यात डॉ. लिस्बोआ यांनी दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचं वेगळं प्रकरण घातलं आहे. माणसं मेल्यावर का होईना, पण नोंद केली. आमच्या 1972 ची तशी नोंद गावागावात व्हायला हवी, आणि सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे-मागे आहेत.

बोराटी जपा म्हणते म्हणजे बागायत करू नका असं नाही. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली, तिचा कायदा 1977 ला झाला, आणि 1990 मध्ये त्या योजनेतून फळबागांना पैसा मिळू लागला. माझ्या मोठ्या भावानंही तेव्हा एकरभर उमराण बोर लावली. रानबोरीच्या खुंटावरच डोळे भरून कलमं केली होती, कारण खुंट काटक लागतो. काही वर्षं बरी गेली. पुढे भाव पडला, बाग काढून डाळिंब केलं, डाळिंबावर तेल्या रोग आला, तो वेगळा विषय. बांधाकडेचं एक झाड तेवढं राहून गेलं होतं. त्याचं वरचं कलम वाळलं आणि बुडातून पुन्हा रानबोर फुटली. ती अजून आहे. भाऊ तिला पाणी घालत नाही.

माझं मागणं फार नाही. लागवडीसाठी कुठल्याही गायरानावर यंत्र घालण्याआधी तिथे आधीच काय उभं आहे ते मोजावं, आणि मोजताना गावातल्या दोन म्हाताऱ्या बायांना सोबत न्यावं. बोराटी लावा असं मी म्हणत नाही. ती लावावी लागत नाही, नुसती उपटू नये. आमच्या गावच्या वहीत नोंद करून घ्यायचं मी अंगावर घेतलं आहे. पुढच्या ग्रामसभेत अर्ज देते आहे आणि सोबत बोरकुटाची कृती लिहून देणार आहे, उखळात मुसळ कसं सोडायचं त्यासकट.

आपल्याकडून एवढंच हवं की फोटोची दुरुस्ती छापावी. आपल्या छायाचित्रकाराची सोय व्हावी म्हणून म्हसोबाजवळच्या बोराटीची एक डहाळी फळांसकट या पाकिटात घातली आहे. कागदात गुंडाळली आहे, तरी उघडताना जपावं. वाकडा काटा बोटात शिरला तर हात मागे ओढू नये, जास्त रुततो. बोट आधी थोडं पुढे न्यावं, म्हणजे सुटतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, माणदेश
(नाव व पत्ता संपादकांकडे)